गावाकडून चिचोलीचं शांतिवन अन दीक्षाभूमी: बचत गट, बुढी माणसं, लेकरं घेऊन जायचं असेल तर सगळं सविस्तर

जय भीम, नमस्कार. राळेगाव-कळंब-हिंगणघाट पट्ट्यातल्या बऱ्याच बाया विचारून राहिल्या की ताई गटाची सहल न्यायची आहे, नागपूरच्या दीक्षाभूमीला कसं जायचं, किती वेळ लागते, बुढ्यांना झेपते का. प्रत्येकीला फोनवर सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते. आमच्या बाजूचा रस्ता सांगते पण बाकीच्या जिल्ह्यातल्यांनाही कामात पडेल.

पयली गोष्ट म्हणजे दसऱ्याला जाणं वेगळं अन पाहायला जाणं वेगळं. दसऱ्याला लाखो लोकं राहतात, तिथं तुम्ही गर्दीचा भाग व्हायला जाता अन ते जायलाच पाहिजे, पण त्या दिवशी स्तूपाच्या आत शांतपणे दहा मिनिटं उभं राहणं होत नाही. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत त्याच्यासमोर उभं राहून वाचायला गेलात तर मागून लोट येते अन तुम्ही पुढं. म्हणून माझं म्हणणं असं की दसरा करा, पण एक साधा दिवस वेगळा काढा, अन त्या दिवशी आधी चिचोली (नागपूरजवळचं खेडं, तिथल्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वस्तूंचं संग्रहालय आहे) अन मंग दीक्षाभूमी, या क्रमानं. काऊन तसं ते पुढं सांगते.

दिवस कोणता धरायचा

खेड्यातल्या माणसाची सहल म्हणजे मजुरी बुडणं, हे आधी धरून चाला. ऑक्टोबरात सोयाबीन सवंगणी, नोव्हेंबरपासून कापसाची वेचणी, त्या दिवसात बायांना एक दिवस मागणं म्हणजे तिच्या हातचे पैसे मागणं आहे. आमच्याकडे जानेवारी संपता संपता वेचणीचा जोर कमी होते, ऊन चढलेलं नसते, तेव्हा चांगलं जमते. मार्च उलटला की विसरून जा, एप्रिल-मेमध्ये नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, अन स्तूपाच्या भोवती चप्पल काढून फिरायचं असते, फरशी तापली की पाय भाजतात. १४ एप्रिलला जायचंच असेल तर एकदम सकाळी नाहीतर संध्याकाळी.

डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन नागपूरला राहते, तेव्हा मोर्चे, बॅरिकेड, बंद रस्ते, त्या दिवसात गाडी घेऊन शहरात घुसू नका. सहा डिसेंबर, बुद्ध पौर्णिमा, १४ ऑक्टोबर या दिवशी पण गर्दी. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस टाळा, नाहीतर अर्ध्या बाया ऐन वेळी गळतात.

अन चिचोलीचं संग्रहालय त्या दिवशी किती वाजता उघडते, सुट्टी तर नाही ना, हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. सरकारी सुट्टी असली तर हमखास विचारा. दीक्षाभूमीला आत जायला तिकीट वगैरे नाही.

जायच्या आधी गावातच करायचं काम

हे काम लोकं करत नाहीत, डायरेक्ट गाडीत बसतात. गावात ८०-८५ च्या वरचे जे कोणी बुढे आजोबा, आजी असतील त्यांच्याकडे आधी जाऊन बसा. १९५६ च्या दीक्षेच्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते ते आता ऐंशीच्या वर आहेत, म्हणजे तिथं खरोखर हजर होते अशी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा, समोर ठेवा अन विचारा, गावातून कसे निघाले होते, पायी का बैलगाडी का रेल्वे, सोबत कोण होतं, खायला काय बांधलं, पांढरं लुगडं कुठून आणलं, परत आल्यावर घरातले देव कुठं शिरवले (पाण्यात सोडले), गावातले बाकीचे लोकं काय म्हणाले. "दीक्षेबद्दल सांगा" असं मोघम विचाराल तर "बाबासाहेब आले, दीक्षा दिली" एवढंच येईल. भाकरी कशाची होती असं विचारा, मंग पाहा कसं धरण फुटते.

जमत असेल तर त्यांना सोबत न्या. नेताना घरच्यांना विचारा, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते लिहून घ्या, अन आधार कार्ड घ्या, एसटीत लागते.

दुसरं म्हणजे १५ ऑक्टोबर १९५६ चं नागपूरचं बाबासाहेबांचं भाषण एखाद्या संध्याकाळी विहारात नाहीतर समाज मंदिरात वाचून घ्या. शासनाने बाबासाहेबांचं जे लेखन-भाषणं छापली त्यातला खंड १८ मराठी भाषणांचा आहे, तीन भागात, अन हे भाषण तिसऱ्या भागात येते. तालुक्याच्या वाचनालयात भेटायला पाहिजे, नसेल तर नागपूरला शासकीय ग्रंथागारात विकत भेटते, अन शासनाची पुस्तकं आहेत म्हणून किंमत खिशाला परवडते. त्या भाषणात त्यांनी नागपूरच काऊन निवडलं ते सांगितलं आहे, की बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोकं होते, त्यांची वस्ती इकडची, त्याच्यावरून ही नाग नदी अन हे नाव. हे ऐकून गेलेल्या बाईला नागपूर वेगळं दिसते, एवढं नक्की.

गाडी का एसटी

माणसं कमी असली, पाच-सात, तर एसटीनंच जा. राज्यभर एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, ७५ च्या वरच्यांना तिकीटच नाही, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं. म्हणजे बचत गटाच्या बाया अन त्यांच्या सासवा असा ताफा असेल तर एसटीसारखं स्वस्त काही नाही. गणेशपेठच्या बस स्टँडवर उतरा, तिथून ऑटो.

पण चिचोली पण करायचं असेल अन ते एसटीनं म्हणत असाल तर मेहनत आहे. सीताबर्डीला मोरभवनच्या स्टँडवरून काटोल-कळमेश्वरकडच्या गाड्यांची चौकशी करावी लागते, वाटेत उतरून पुढं पायी किंवा ऑटो, बुढ्यांना घेऊन हे जमत नाही. वीस-पंचवीस माणसं असली तर सरळ मिनी बस करा, नाहीतर एसटीच करारावर घ्या, आगारात अर्ज द्यावा लागते, त्याला प्रासंगिक करार म्हणतात. शाळेची सहल असेल तर एसटी अर्ध्या भाड्यात देते, गुरुजींनी महिनाभर आधी आगारात जाऊन तारीख पक्की करावी कारण हिवाळ्यात सगळ्या शाळा एकदमच मागतात.

प्रायव्हेट गाडीवाल्याशी आधी सगळं बोलून घ्या: किलोमीटरवर का दिवसावर, टोल कोणाकडे, ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे, रात्री उशीर झाला तर जास्तीचे किती. चिचोली अन दीक्षाभूमी दोन्ही नावं घेऊन बोला, फक्त "नागपूर" म्हणाल तर ऐन वेळी "हे तर ठरलं नव्हतं ताई" ऐकावं लागते.

काळीपिवळीत चौदा-पंधरा जण कोंबून हायवेवर जाऊ नका, एवढं माझं ऐका बाप्पा.

रस्ता

आमच्याकडून राळेगाव, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असा सरळ हायवे आहे. सकाळी सहाला गाडी हलली पाहिजे, म्हणजे साडेपाचची वेळ सांगा. जामला चहा-नाश्ता. बुटीबोरीच्या पुढं जामठ्याजवळून आउटर रिंग रोड निघते तो हिंगण्याकडून फिरून फेटरीपर्यंत जाते, म्हणजे नागपूर शहरात न घुसता तुम्ही काटोल रोडवर निघता अन चिचोली तिथून जवळ. शहरातून गेलात तर वर्धा रोड, बर्डी, सिग्नल, यातच सकाळ जाते. अमरावतीकडून येणाऱ्यांनी पण अमरावती रोडवरूनच रिंग रोडला लागावं अन फेटरीकडे यावं.

मॅपवर नुसतं चिचोली टाकू नका! विदर्भात चिंचेच्या झाडाएवढ्या चिचोल्या आहेत, नागपूर जिल्ह्यातच एकापेक्षा जास्त. "शांतिवन चिचोली" असं पूर्ण टाका अन फेटरीजवळची आहे ना ते पाहून घ्या.

चिचोलीत काय पाहायचं

आधी चिचोली यासाठी की सकाळी माणसं ताजी राहतात अन इथल्या वस्तू बारीक नजरेनं पाहायच्या आहेत. इथं बाबासाहेबांच्या वापरातल्या खऱ्याखुऱ्या वस्तू आहेत, कोट, टोपी, कपडे, पेन, रोजच्या वापरातलं सामान, अन तो टाइपरायटर. राज्यघटनेच्या मसुद्याचं टायपिंग याच्यावर झालं असं तिथं सांगतात.

या वस्तू दिल्लीतून नागपूरजवळच्या या खेड्यात कशा आल्या हे गाडीतच सगळ्यांना सांगा. नानकचंद रत्तू म्हणून पंजाबचे होते, दिल्लीत बाबासाहेबांचे सेक्रेटरी, दिवसभर स्वतःची सरकारी नोकरी करायचे अन मंग बाबासाहेबांकडे येऊन रात्र रात्र टायपिंग. बाबासाहेबांच्या शेवटच्या ग्रंथाचं टायपिंग पण त्यांनीच केलं. त्यांनी जपून ठेवलेल्या वस्तू वामनराव गोडबोलेंच्या हाती दिल्या. अन हे गोडबोले म्हणजे १९५६ च्या दीक्षा समारंभाची सगळी तयारी ज्यांनी नागपुरात केली ते, भारतीय बौद्ध जन समितीचे सेक्रेटरी. त्यांनीच चिचोलीचं शांतिवन उभं केलं. या दोघांची नावं आपल्या भाषणात फार कमी येतात, फोटोत तर नाहीच, पण ते नसते तर आज हा कोट पाहायला भेटला नसता.

काचेला हात लावू नका, लेकरांना आधीच सांगा. कपडे सत्तर वर्षं जुने आहेत. फोटो काढायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, नाही म्हणाले तर नाही, वाद घालू नका. फ्लॅश बंदच ठेवा. आमच्या गटात मी असं करते की पयली फेरी मोबाइल पर्समध्ये ठेवूनच मारायची, पाहून झालं की मंग ज्यांना काढायचा त्यांनी परवानगी असेल तर काढावा. नाहीतर सगळ्याजणी स्क्रीनमधूनच पाहतात, तेवढ्यासाठी इतक्या दूर यायची काय गरज.

पोट्ट्यांना एक काम द्या: प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची अन परत जाताना गाडीत तिच्याबद्दल दोन वाक्यं सांगायची. सगळं पाहायला लावलं की काहीच पाहत नाहीत ते.

दीड-दोन तास इथं सहज जातात. जेवणाचं मात्र घरून बांधून न्या, खेड्यातली जागा आहे, पंचवीस माणसांचं जेवण ऐन वेळी कुठून भेटणार. पोळ्या, बेसन, ठेचा, कांदा, जे टिकते ते. भात नेऊ नका, आंबते. उष्टं-खरकटं, पत्रावळी भरायला मोठी थैली न्या अन ती परत गाडीत टाका.

दीक्षाभूमी

चिचोलीवरून काटोल रोडनं शहरात यायला पाऊण तास-तास धरा, म्हणजे दुपारी दोन-अडीचला तुम्ही तिथं. गाडीतून उतरायच्या आधी भेटायची जागा ठरवा, मेन गेटच्या बाहेर अमुक दुकानासमोर, साडेचारला.

आता आत गेल्यावर काय काय आहे. १९५६ साली हे वॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मोकळं मैदान होतं. १४ ऑक्टोबरला, रविवार होता तो अन विजयादशमी, कुशिनाराचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी अन त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, अन मंग बाबासाहेबांनी स्वतः जमलेल्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशी उशिरा पोचलेल्यांना परत दीक्षा, अन १६ तारखेला चंद्रपूरला. ६ डिसेंबरला तर बाबासाहेब गेलेच. म्हणजे मधात दोन महिने पण नाहीत, हे बायांना सांगितलं की त्या बोटावर मोजून पाहतात.

आज दिसते तो स्तूप बराच नंतरचा. १९७८ ला बांधकाम सुरू झालं, १८ डिसेंबर २००१ ला तेव्हाचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हातानं उद्घाटन. वास्तुविशारद शिवदान मल. उंची १२० फूट, आकार सांचीच्या स्तूपावरून घेतला पण फरक असा की सांचीचा आतून भरीव आहे अन हा आतून पूर्ण पोकळ. चारी दिशांना चार दरवाजे.

क्रम असा ठेवा. आधी बाहेरून पूर्ण एक फेरी, चारी दरवाजे पाहत, आत लगेच घुसू नका. मंग चप्पल काढून आत. मधल्या सभागृहात बुद्धाची मूर्ती आहे, अन बाबासाहेबांच्या अस्थी. इथं बोलणं बंद. मोठ्यानं घोषणा द्यायच्या असतील तर बाहेर मोकळ्यात द्या, आत कोणी ध्यानाला बसलेलं राहते. मंग बाहेर येऊन बोधिवृक्षाखाली बसा, भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या आणून इथं लावल्या, त्याचं हे झाड. पानं तोडू नका, खाली पडलेलं पान घ्या, सगळे तोडायला लागले तर झाडाचं काय होईल.

अन शेवटी बावीस प्रतिज्ञा. याला वेळ ठेवा, हा माझा आग्रहच आहे. एकीनं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची, वाचता न येणाऱ्या बाया आपल्या गटात आहेत हे ध्यानात ठेवून. नववी अन दहावी, सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो अन समता स्थापन करायचा प्रयत्न करीन, इथं जरा थांबा. सतरावी दारूची. आमच्याकडे सतरावी वाचली की बाया एकमेकींकडे पाहून हसतात अन नवऱ्यांची नावं घेतात, घेऊ द्या, दारूबंदीसाठी भांडलेल्या बाया आहेत त्या, त्यांना ती प्रतिज्ञा बाकीच्यांपेक्षा चांगली समजते.

सोबत बुढे आजी-आजोबा असतील तर त्यांना इथं विचारा, तुम्ही कोणत्या बाजूला बसले होते. जागा ओळखू येत नाही, सगळं बदललं, पण ते हात करून काहीतरी दाखवतातच. रेकॉर्डिंग चालू ठेवा.

बुढ्यांसाठी आणखी थोडं: पायऱ्या आहेत, गुडघे दुखतात त्यांना दोन्ही बाजूनं धरा, पायात मोजे घालून न्या म्हणजे चप्पल काढल्यावर फरशीचा त्रास नाही. व्हीलचेअर लागत असेल तर आपली घरून न्या किंवा गेटवर विचारून घ्या.

पांढरे कपडे घालायलाच पाहिजे असा नियम नाही. घातले तर छान दिसते, पण नव्या साडीच्या खर्चापायी कोणी मागं राहायला नको. अन गावातल्या कुणबी, तेली, गोंड, सगळ्या बायांना विचारा येता का म्हणून. आमच्या गटात सगळ्या आहेत, पयल्यांदा थोड्या संकोचल्या, आम्ही कशाला म्हणे. घटनेचं कलम ३४० ओबीसींसाठी आयोग नेमायचं आहे अन ते बाबासाहेबांच्या घटनेत आहे, बापाच्या संपत्तीत पोरीचा हिस्सा असलेलं हिंदू कोड बिल त्यांनी मांडलं अन ते अडवलं म्हणून १९५१ ला मंत्रिपद सोडलं, हे गाडीत बोलणं झालं अन मंग त्याच जास्त प्रश्न विचारायला लागल्या.

दसऱ्यालाच जायचं असेल तर

मंग नियम वेगळे. गाड्या दीक्षाभूमीपर्यंत जाऊच देत नाहीत, लांब लावून पायी चालावं लागते. वर्धा रोडकडून येणाऱ्यांना मेट्रो सोपी पडते, खापरीला बसा अन रहाटे कॉलनीला उतरा, तिथून चालत. सरकत्या जिन्याला घाबरणाऱ्या बाया असल्या तर लिफ्ट आहे, लाजू नका, विचारा.

फोन लागत नाही त्या दिवशी, लाखो मोबाइल एका जागी. म्हणून हरवल्यावर कुठं भेटायचं ते आधीच ठरवा अन लेकरांच्या खिशात गावाचं नाव, मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका, बुढ्यांच्या पण. सोनं घालून जाऊ नका. चप्पल काढून ठेवायची नाही, थैलीत टाकून काखेत. जेवणाची चिंता करू नका, रस्त्यारस्त्यावर संस्थांचे, मंडळांचे भोजनदानाचे स्टॉल राहतात, पोटभर जेवू घालतात, ताटात टाकू नका एवढंच. परतीचा पाऊस येऊ शकते तर एक ताडपत्री अन अंथरूण ठेवा. रेल्वेच्या स्पेशल गाड्या सोडतात पण रिझर्वेशनच्या डब्यात घुसून भांडणं होतात, दरवर्षी होतात, त्यापेक्षा एक गाडी सोडून दुसरी पकडा. पुस्तकांसाठी वेगळे पैसे बांधून ठेवा, तिथला पुस्तकांचा बाजार पाहिल्यावर आपोआप घ्यावंसं वाटते अन मंग परतीच्या भाड्याला हात लागते.

मूल, गडचिरोली, वणी पट्ट्यातल्यांना नागपूर दूर पडते, त्यांनी चंद्रपूरची दीक्षाभूमी करावी. १५-१६ ऑक्टोबरला तिथं मोठा कार्यक्रम राहते अन बाकीच्या दिवशी डॉ. आंबेडकर कॉलेजच्या परिसरात जाऊन निवांत पाहता येते.

परत येताना

साडेचार-पाचला नागपूर सोडा, म्हणजे वर्धा रोडच्या ऑफिस सुटायच्या गर्दीच्या आधी तुम्ही बाहेर. एसटीनं आलेल्यांनी सकाळी उतरल्या उतरल्याच गणेशपेठला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी, अन नागपूरहून तालुक्यापर्यंत गाडी भेटते पण तालुक्यावरून गावात यायला रात्री काहीच नसते, त्यासाठी गावातल्या कोणाला तरी ऑटो घेऊन स्टँडवर यायला सांगून ठेवा. हिशोब गाडीतच करा, कोणी किती दिले, किती उरले, अन उरलेले गटाच्या खात्यात टाकून वहीत लिहा. रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी आणखी दोघींच्या मोबाइलमध्ये पाठवून ठेवा, मोबाइल पाण्यात पडायला वेळ लागत नाही.